कन्कशननंतर मोजून दिलेला व्यायाम : पुण्यातील एका फिजिओथेरपी केंद्राचा अनुभव

माझ्या १६ वर्षांच्या मुलीला कबड्डीच्या सरावात पडून डोक्याला मुका मार लागला आणि कन्कशन झाले, म्हणजे धक्क्याने मेंदूच्या कामात तात्पुरता बिघाड झाला. सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही, परंतु डोके जड होणे, उजेड सहन न होणे आणि दोन पाने वाचली की मळमळणे हे सारे सुरूच राहिले. डोकेदुखी पूर्ण थांबेपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहावे, असा सल्ला आम्हाला सुरुवातीला मिळाला होता आणि आम्ही तो तीन आठवडे निष्ठेने पाळला. त्या काळात तिची झोप बिघडली, ती चिडचिडी झाली आणि जिना चढतानाही तिला धाप लागू लागली. त्यानंतर एका न्यूरॉलॉजिस्टनी तिला तपासून ज्या केंद्राकडे पाठवले, त्याच्या सेवेविषयी मी येथे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी व्यायाम झालाच नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मान, डोळ्यांची हालचाल, तोल आणि रक्तदाब तपासला, न्यूरॉलॉजिस्टचे पत्र वाचले आणि वारंवार उलटी, वाढती गुंगी, झटका किंवा हातापायात अशक्तपणा जाणवल्यास थेट रुग्णालय गाठायचे, हे आम्हाला बजावून सांगितले. दुसऱ्या भेटीत ट्रेडमिलवरची चाचणी झाली. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी विकसित केलेल्या या चाचणीत ताशी साधारण ५ किलोमीटर वेगाने चालायचे असते आणि दर मिनिटाला पट्ट्याचा चढ १ टक्क्याने वाढवला जातो. मॅडम दर मिनिटाला ‘आत्ता दहापैकी किती?’ असे विचारून त्रासाचा आकडा आणि हृदयगती लिहून घेत होत्या. आठव्या मिनिटाला मुलीचा आकडा २ वरून ५ वर गेला आणि त्यांनी यंत्र तिथेच थांबवले. त्या वेळी हृदयगती १४० होती. त्या हृदयगतीच्या ८० टक्के, म्हणजे मिनिटाला ११२ ठोक्यांपर्यंत, रोज २० मिनिटे चालायचे, असा कार्यक्रम ठरला.

या नेमकेपणामुळेच मला हे केंद्र आवडले. ‘जमेल तेवढे चाल’ असे सांगणे सोपे असते, पण जमेल म्हणजे किती, हे घाबरलेल्या मुलीला आणि तिच्या आईला कसे कळावे? कन्कशननंतर हृदयगती आणि मेंदूकडे जाणारा रक्तप्रवाह सांभाळणारी स्वायत्त मज्जासंस्था काही काळ विस्कळीत राहू शकते, त्यामुळे विशिष्ट श्रमापलीकडे गेले की लक्षणे उफाळतात आणि त्या मर्यादेच्या आत नियमित चालत राहिल्यास ही मर्यादाच हळूहळू वर सरकते, हे मॅडमनी आम्हाला कागदावर आलेख काढून समजावले.

या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेडी यांच्या अभ्यासात, खेळताना कन्कशन झालेल्या १०३ किशोरवयीन खेळाडूंपैकी असा व्यायाम करणाऱ्यांना बरे होण्यास मध्यक (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) १३ दिवस लागले, तर केवळ स्ट्रेचिंग करणाऱ्यांना १७ दिवस. त्या मुलांनी मात्र दुखापतीपासून १० दिवसांच्या आत व्यायाम सुरू केला होता, आम्ही तीन आठवडे गमावून आलो होतो; म्हणून त्याच वेगाने गुण येईल असे आश्वासन मॅडमनी दिले नाही, आणि त्यांचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती आणि नंतर हलकी हालचाल, असेच खेळांतील कन्कशनविषयीच्या २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेच्या निवेदनातही सांगितले आहे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चाचणीची खोली व्यायामशाळेला लागून आहे आणि संध्याकाळी तेथील मोठ्या आवाजातील संगीत भिंतीतून ऐकू येते. आवाज सहन न होणाऱ्या रुग्णांसाठी ही गंभीर बाब आहे. दुसऱ्या आठवड्यात मॅडम रजेवर असताना एका साहाय्यकाने ‘आणखी पाच मिनिटे चाल, काही होत नाही’ असे म्हणून तिला ठरलेल्या ठोक्यांच्या पुढे नेले आणि ती रात्र तिने डोके धरून काढली. मी तक्रार केल्यावर केंद्राने चूक मान्य केली आणि पुढच्या सर्व सत्रांना मॅडम स्वतः उभ्या राहिल्या, परंतु असे घडायलाच नको होते. छातीला बांधायचा हृदयगती-पट्टा आपल्यालाच विकत घ्यावा लागतो, हे आधी सांगितलेले नव्हते. तो घ्यावा मात्र जरूर, कारण हात हलत असताना मनगटावरचे घड्याळ कधी कधी चुकीचा आकडा दाखवते.

दर आठवड्याला चाचणी पुन्हा झाली आणि ठोक्यांची मर्यादा नव्याने ठरली. पाचव्या आठवड्यात ती पूर्ण दमेपर्यंत चालली, तरी लक्षणे वाढली नाहीत. आता ती शाळेत पूर्ण वेळ बसते आणि मैदानावर धावते. पकडीचा सराव मात्र न्यूरॉलॉजिस्टच्या लेखी परवानगीनंतरच सुरू होईल. येथे जाणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी आणि सत्राला मॅडम स्वतः असणार आहेत ना, हे आदल्या दिवशी फोन करून विचारावे.