‘हुशार’ घरात अकरा महिने: कुलूप, प्लग, स्पीकर आणि ओट्याखालचा अलार्म

गेल्या पाडव्याला नवऱ्याने घर ‘हुशार’ करायचं मनावर घेतलं. दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप, गीझरला आणि एक्झॉस्ट फॅनला वायफायचे प्लग, हॉलमध्ये बोलणारा स्पीकर, स्वयंपाकघरात गॅस गळतीचा अलार्म. सगळं मिळून ४८ हजार गेले. वस्तू वाईट नाहीत, हे आधीच सांगते. पहाटे उठल्या उठल्या गरम पाणी मिळण्याचं सुख मी नाकारणार नाही.

प्लग घेताना एवढंच बघा की गीझरसाठी १६ अँपिअरचाच हवा. दोन किलोवॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, दहावाला त्या भाराने तापतो. आणि अॅपमध्ये ‘लाईट आल्यावर काय करायचं’ अशी एक सेटिंग असते, ती ‘बंद’वर ठेवा. आमची ‘चालू’वर होती. आम्ही चार दिवस गुहागरला, इकडे गुरुवारी लाईट गेली नि आली, आणि रिकाम्या घरात गीझर आमच्यासाठी पाणी तापवत बसला.

कुलूप चार पेन्सिल सेलवर चालतं. सेल उतरायला लागले की ते नवऱ्याच्या मोबाईलवर कळवतं, आणि त्याने त्या सूचना म्यूट केलेल्या! दाराची टुकटुक आठवडाभर चालली होती, आईंना (माझ्या सासूबाई) वाटलं फ्रीजचं दार उघडं राहतंय. एका संध्याकाळी त्या बागेतून वर आल्या आणि दार उघडेना. साधी किल्ली होती, पण घरात, कपाटाच्या खणात. दोन तास शेजारच्या काकूंकडे बसल्या, बीपीची गोळी आत. नंतर माहितीपत्रक वाचलं, तर कुलपाच्या खालच्या बाजूला दोन टिकल्या असतात, त्यांना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवली की कुलूप जागं होतं, मग नेहमीसारखं बोट लावून दार उघडतं. आता तशी एक बॅटरी काकूंकडे आहे, किल्लीही.

पण लिहायला बसले ते गॅसमुळे.

करोनापासून आईंना वास नीट येत नाही, म्हणून तो अलार्म घेतला. तेव्हा सिलिंडर होता. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत पसरतो, म्हणून अलार्म ओट्याखाली फरशीपासून वीतभर उंचीवर लावला. अगदी बरोबर. आई रोज रात्री रेग्युलेटरचा खटका बंद करून मगच झोपायच्या. त्यांना मीच म्हणाले, “आई, कशाला वाकता, ते मशीन बघतंय ना आता.” आठवडाभरात सवय सुटली. त्यांची सुटली, मग आमचीही.

जूनमध्ये सोसायटीत पाइपचा गॅस आला. सिलिंडर गेला, अलार्म तिथेच राहिला, हिरवा दिवा मिचकावत. पाइपचा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. हे मी शाळेत शिकलेय. डोक्यात आलं नाही.

जुलैतला रविवार, पावसामुळे खिडक्या घट्ट बंद. सव्वासहाला आईंनी दूध मंद आचेवर ठेवलं आणि स्पीकरला सांगितलं, “फिफ्टीन मिनिट.” स्पीकरने ‘फिफ्टी’ ऐकलं. तसं बोलूनही दाखवलं, पण त्या तोवर देवघरात पोचल्या होत्या. पूर्वी दूध ठेवलं की त्या ओट्यापासून हलत नसत. दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅस चालू. आम्ही दोघं झोपलेलो.

सातला आमच्या मावशी आल्या. कुलपात त्यांचा ठसा आहे. दार उघडताच त्यांना वास आला. त्यांनी शेगडीचा कॉक फिरवला, खिडक्या उघडल्या आणि आम्हाला उठवलं ते ओरडतच, “बटणाला कुणी हात लावू नका!” स्विच दाबताना बारीकशी ठिणगी उडते, तेवढी पुरते. आम्ही कशालाच हात न लावता जिन्यात येऊन उभे राहिलो. आणि सव्वासातला आतून ‘टक्’ आवाज आला. गीझरचा प्लग. रविवारची वेळ नवऱ्यानेच लावलेली. आम्ही बटणं दाबत नव्हतो, घर दाबत होतं. खिडक्या उघडून पंधरा मिनिटं झाली होती, म्हणून हे लिहितेय. नवरा पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही.

गॅसवाल्यांचा माणूस आला, मीटर लावून सगळं तपासलं. ओट्याखाली बघून म्हणाला, “मॅडम, हा इथे खाली काय करतोय?” त्याने सांगितलं ते असं: पाइपच्या गॅससाठी मिथेन ओळखणारा अलार्म लागतो, आणि तो छताखाली फूटभरात लावायचा. सिलिंडरवाला असतो तो बहुतेक वेळा त्याच गॅससाठी जुळवलेला असतो. आणि ‘टेस्ट’चं बटण दाबल्यावर भोंगा वाजतो तो फक्त भोंग्याची परीक्षा, सेन्सरची नव्हे. आम्ही दर महिन्याला तेच दाबून खूश होतो.

त्याहून वाईट मला संध्याकाळी कळलं. नवऱ्याने अॅपमध्ये एक नियम करून ठेवला होता, अलार्म वाजला की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू! पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचा. म्हणजे अलार्म योग्य जागी असता, तर गॅसने भरलेल्या खोलीत घरानेच स्विच दाबला असता. तुमच्याकडे असा नियम असेल तर वाचता वाचता काढून टाका, आम्ही त्याच रात्री काढला.

पुढच्या आठवड्यात नवी शेगडी आणली. ज्योत विझली की काही सेकंदांत गॅस बंद करणारी. बर्नरशेजारी एक बारीक दांडी असते, ती थंड पडली की आतली झडप मिटते. वायफाय नको, अॅप नको, सेलही नको. नवा अलार्म वर छताखाली. रात्री कॉक आई बंद करतात, आणि आम्ही “केलं ना?” म्हणून विचारलं की चिडतात. टायमर त्या अजून स्पीकरवरच लावतात, पण आता “वन फाइव्ह” म्हणतात आणि तो काय म्हणतो ते ऐकून मग हलतात.

तारे द्यायचे तर कुलपाला चार, प्लगला तीन, स्पीकरला अडीच. जुन्या अलार्मला काय द्यावं कळत नाही. सिलिंडर असेपर्यंत तो बरोबर जागी होता.