रंग मारलेले माझेच पाटे

सोलापुरात पिकअपला लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करणारं सामान, बसवायला गेलात आणि दुकानदारानं पहिलाच प्रश्न "किती इंच पाहिजे?" असा विचारला, तर चहा पिऊन उठा. गाडीत रोज किती वजन असतं, हे त्यानं आधी विचारायला पाहिजे. माझ्याकडून ज्यानं ६८ हजार रुपये घेतले, त्यानं वजनाचा विषय शेवटपर्यंत काढला नाही.

गाडी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, फोर बाय फोर, सेकंडहँड घेतलेली. मंगळवेढ्याकडं डाळिंबाची बाग आहे. बाग माळावर, पण तिथं जायची वाट काळ्या रानातून. पावसाळ्यात ट्रॅक्टरची चाकं रुतून दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल होतात आणि मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासतो. म्हणून गाडी थोडी उचलून घ्यायची होती. मिरवायची हौस नव्हती. गाडीत ठिबकच्या नळ्यांची बंडलं, फवारणीचा पंप आणि तोडणीत दहा-बारा कॅरेट एवढाच माल असतो, बाकीचा टेम्पोनं जातो.

दुकान शहरातलं, काचेचं, बाहेर चकचकीत अलॉय व्हील टांगलेली. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. मालक गोड बोलणारा. "मालक, ऑस्ट्रेलियाचं किट हाय. पुण्यात लाखाच्या वर घेतील. आपल्याकडं दोन इंच, फिटिंगसकट अडुसष्ट." खोका दाखवला, स्टिकर दाखवले, मोबाइलवर दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो दाखवले. मग म्हणाला, "तुम्ही सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन या, मार्केटमधलं काम उरका, संध्याकाळी गाडी तयार."

संध्याकाळी गाडी खरंच उंच झालेली होती. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून त्यानंच मोजून दाखवलं, दोन इंचांपेक्षा कांकणभर जास्तच. जुनं सामान मागितलं तर म्हणाला, "कशाला ते भंगार गाडीत भरताय? राहू द्या इथंच." बिलाच्या जागी 'एस्टिमेट' छापलेला कागद दिला. पक्कं बिल मागितलं तर जीएसटीचा बोजा कशाला घेता, वॉरंटी माझी, तोंडी, असं उत्तर.

घरी जातानाच पुढून आवाज यायला लागला. खड्ड्यात चाक खाली सुटलं की ठॉक. फोन केला तर म्हणाला, नवीन स्प्रिंग आहे, बसायला वेळ लागतो. मग पुढच्या टायरची एकच कड झिजायला लागली. पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं, कारण एक्सलच्या सांध्यावरचं रबरी बूट फाटलं होतं. डाळिंबाची तोडणी सुरू झाली आणि नेहमीच्याच कॅरेटवर गाडी मागून बसली. रात्री समोरचे ट्रकवाले डिपर मारून शिव्या घालायचे ते वेगळंच. गाडी उचलली की हेडलाइटचा झोत वर जातो आणि तो परत खाली लावून घ्यावा लागतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी हैदराबाद रोडला पाट्यांचं, म्हणजे मागच्या एक्सलवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचं, काम करणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी खाली शिरून पाट्यांवरचा काळा रंग खरवडला. रंगाखाली गंज, गंजाखाली कंपनीचा मूळ शिक्का. "मालक, ह्ये नवं न्हाईत. तुमचंच पाटं हायत. थंडच ठोकून कमान चढवलीया, भट्टी न्हाई, पाणी न्हाई. वजन पडल्यावर उतरणारच की." पाटे आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालून लांब यू-बोल्टनं आवळलेलं होतं. पुढं स्प्रिंगही माझीच, वर एक जाड चकती बसवलेली. शॉकअपवरचं स्टिकर नखानं निघालं आणि खाली माझाच जुना शॉकअप. खोक्यातलं 'ऑस्ट्रेलिया' गाडीत आलंच नव्हतं. जुनं सामान परत का देता येत नव्हतं, ते तिथं कळलं. जुनं सामान निघालेलंच नव्हतं!

मिस्त्रींनी मग जे समजावलं ते दुकानात कुणी सांगत नाही. या गाडीला पुढं गुंडाळीची कॉइल स्प्रिंग आणि विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारे वर-खालचे आर्म, मागं पाटे. खऱ्या किटमध्ये पुढच्या स्प्रिंग वेगळ्या येतात, मागचे पाटे पूर्ण वेगळे येतात, शॉकअप त्या उंचीला जुळणाऱ्या लांबीचे येतात, शिवाय नवे बुश, शॅकल, यू-बोल्ट असं जोडणीचं सामान. स्प्रिंग आणि पाटे निवडायचे ते गाडीवर कायम किती वजन असतं त्यावरून. रिकाम्या फिरणाऱ्या गाडीला जड मालाचे पाटे घातले तर बसणाऱ्याची पाठ मोडते, माल वाहणाऱ्या गाडीला हलके घातले तर गाडी बसते. चकती आणि ठोकळा घालूनही उंची मिळते, टेपवर ती खरीच दिसते. पण शॉकअप जुन्याच लांबीचा असल्यानं तो आधीच टोकाला पोचतो आणि ठॉक वाजतो. पुढचे सांधे तिरके राहतात, बूट फाटतात. दोन इंचांच्या वर जायचं तर विशबोनचा वरचा आर्मही बदलावा लागतो. आणि काहीही बसवलं तरी व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी बाहेर काढायची नाही.

आणखी एक गोष्ट, जी ऐकून मला त्या दुकानदाराच्या धाडसाचं कौतुकच वाटलं. तो "ग्राउंड क्लिअरन्स दोन इंच वाढणार" म्हणाला होता, म्हणजे जमीन आणि गाडीचा सगळ्यात खालचा भाग यांतलं अंतर. मागं सलग एक्सल आहे. लिफ्ट किटनं चॅसी आणि बॉडी वर जाते, पण एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा, ज्यातले गिअर इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटतात, होता तिथंच राहतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठे लागतात. म्हणजे अस्सल किट बसवलं असतं तरी मागचा गोळा त्या उंचवट्याला तेवढाच घासला असता. आम्ही आता वाटेवर दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घेतला. ६८ हजारांपुढं तो खर्च किरकोळ.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा त्याचा सूर बदलला. "गाडीत फेरबदल करणं बेकायदा हाय, माहीत हाय ना? तक्रार केलीत तर आरटीओ तुमच्याच गाडीवर येईल." धंद्याचा खरा आधार हाच. कायद्याचं अर्धं त्याचं खरं आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावलं. हे कलम किट विकताना त्याला आठवलं नव्हतं, तेव्हा "आरटीओचं काय नसतं" म्हणत होता. लोक या धमकीला घाबरून गप्प बसतात. मी मिस्त्रींकडून ठोकळे, चकत्या काढून गाडी मूळ उंचीवर आणली, काढलेल्या प्रत्येक भागाचा व्हिडिओ केला आणि मग तक्रार केली. माझं म्हणणं एवढंच की नवीन माल म्हणून पैसे घेतले आणि माझाच माल रंगवून दिला.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला नोंद केली, दुकानदारानं दाद दिली नाही, मग सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथं फी नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. पक्कं बिल नव्हतं, पण पैसे यूपीआयनं दिले होते आणि एस्टिमेटवर त्याच्या हातानं 'न्यू किट, फ्रंट-रिअर' लिहिलेलं होतं. त्याच्या वकिलानं गाडी धंद्याची आहे, म्हणून मी ग्राहक नाही, असा मुद्दा काढलाय. गाडीची नोंदणी खासगी आहे आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी वस्तू वापरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो, असं आमचं उत्तर गेलंय.

नोटीस मिळाल्यावर त्याचा फोन आला होता, निम्मे घ्या आणि मिटवा. मी नाही म्हटलं, कारण त्याच्या मोबाइलवर दाखवायला आता माझ्या गाडीचा फोटोही आहे. सोलापूर, मोहोळ, पंढरपूर भागात कुणी असं किट बसवून घेतलं असेल, तर एकदा पाट्यांवरचा रंग खरवडून बघा. खाली जुना शिक्का निघाला तर काहीही काढायच्या आधी फोटो घ्या आणि तो एस्टिमेटचा कागद फेकू नका.