लाँग लाईन आणि शिट्टी: कारवानी पिल्लासोबत सात महिने

आमची हरणी कारवानी जातीची शिकारी कुत्री आहे, दिवाळीनंतर मंगळवेढ्याकडच्या एका वस्तीवरून आणली तेव्हा आठ आठवड्यांची होती, आता अकरा महिन्यांची झालीय आणि त्यातले सात महिने मी दहा मीटरची लाँग लाईन म्हणजे लांब दोरी, हार्नेस म्हणजे छाती-पाठीवर बसणारा पट्टा आणि एक साधी प्लास्टिकची शिट्टी एवढंच वापरतेय. कारवानी, पश्मी, मुधोळ पाळणारे कितीतरी जण "ही जात ऐकतच नाही हो" म्हणत कुत्र्याला जन्मभर साखळीला बांधून ठेवतात, ते बघून खरंच जीव तुटतो म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. लांबवर काही पळताना दिसलं की त्यामागे सुटायचं यासाठीच ही कुत्री पिढ्यानपिढ्या पाळली गेलीत, तेव्हा लॅब्रॅडॉरला लागतो तेवढ्याच वेळात शिकेल अशी अपेक्षा ठेवायची नाही, बस.

आधी सोशलायझेशनचं, म्हणजे पिल्लाला माणसांची, आवाजांची, जागांची सवय लावण्याचं सांगते कारण ते वय परत येत नाही. तीन आठवड्यांपासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू नवीन गोष्टी सहज स्वीकारतं, आणि नेमके तेव्हाच लसीचे डोस चालू असतात त्यामुळे पार्वो या जीवघेण्या आजाराच्या भीतीने जमिनीवर सोडता येत नाही. आम्ही तिला झोळीत घालून फिरवलं. एसटी स्टँड, भाजी मंडई, शाळा सुटायची वेळ, लग्नाचा बँड, सगळं लांबून, पाच-दहा मिनिटं, आणि मग घरी. एक चूक मात्र झाली, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी तिला हात लावू दिला, मला वाटायचं हेच सोशलायझेशन. त्याचा परिणाम असा की तीन महिन्यांची झाली तशी माणूस दिसला की ओढायला लागली. माणूस दिसला, तिने बघितला, माझ्याकडे वळली, खाऊ मिळाला, पुढे चाललो, हे मी नंतर शिकवलं आणि त्याला दीड महिना गेला.

मधे एका ट्रेनरला घरी बोलावलं होतं. त्याने चोक चेन, म्हणजे ओढली की मानेभोवती आवळणारी साखळी घालून झटके द्यायला सुरुवात केली, तिसऱ्या दिवशी हरणी त्याचा आवाज ऐकूनच जागेवर लघवी करायला लागली आणि आई म्हणाली, "बास कर गं हे, लेकरू घाबरलंय." त्याच दिवशी बंद केलं. या कुत्र्यांची मान लांब, कातडी पातळ, झटका सरळ लागतो.

लाँग लाईन मी दोरखंडाच्या दुकानातून नायलॉनची पट्टी घेऊन चपला शिवणाऱ्या काकांकडून हुक शिवून घेतली, ऑनलाइनच्या निम्म्यात काम झालं. ती हार्नेसच्या पाठीवरच्या रिंगलाच लावा, कॉलरला कधीच नाही, कारण पळत सुटलेलं कुत्रं दोरी संपली की मानेवर अडकतं. शिवाय कारवानीचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, साधा पट्टा मागे सरकून निघून येतो, आमचा भर रस्त्यात निघाला होता.

शिट्टी ऐकली की माझ्याकडे परत यायचं, हे शिट्टीचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात भारी. पहिला आठवडा फक्त घरात, दोनदा पीप-पीप आणि लगेच उकडलेल्या चिकन लिव्हरचा हरभऱ्याएवढा तुकडा, दिवसातून दहा-पंधरा वेळा, बोलवायचंसुद्धा नाही. मग गच्ची, मग अंगण, मग मोकळं शेत, तिथे लाईन जमिनीवर सोडून. माणसाच्या आवाजात राग येतो, घाई येते, शिट्टी मी वाजवली काय आणि भावाने वाजवली काय, सारखीच. आणि आली की दरवेळी घरी न्यायचं नाही, खायला द्यायचं आणि परत सोडायचं, नाहीतर बोलावलं म्हणजे खेळ संपला हे तिला दोन दिवसात कळतं. उशिरा आली तरी ओरडायचं नाही, हे मला फार जड गेलं.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत दारूकामाला तिला होम मैदानावर नेलं नाही, घरातच खिडक्या लावून प्रत्येक आवाजाला लिव्हर दिलं. सुरुवातीला कॉटखाली होती, शेवटी माझ्या पायाशी येऊन बसली.

सातव्या-आठव्या महिन्यात सगळं विसरल्यासारखी वागायला लागली, शिट्टी ऐकून बघायची आणि उलटीकडे जायची. त्या काळात लाईन होती म्हणून वाचलो. मी शिट्टी परत परत वाजवली नाही, लाईन धरून शांत उभी राहायची, ती वळली की खाऊ. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात पहाटे साडेपाचलाच जायचो, डांबर तापलं की पाय भाजतात. दहाव्या महिन्यात पहिल्यांदा माजावर आली तेव्हा तीन आठवडे मोकळं शेत पूर्ण बंद, छोट्या दोरीवरच.

आज शेळ्यांच्या कळपाजवळून शिट्टीवर परत येते, दहापैकी नऊ वेळा. ससा उठला तर येत नाही, म्हणून सशांच्या माळावर लाईन काढत नाही आणि काढणारही नाही.

लाँग लाईन घेणाऱ्यांसाठी: हातमोजे घाला, नायलॉन सर्रकन ओढलं गेलं की तळवा सोलतो, माझा सोलला. दुसरं कुत्रं जवळ आलं की लाईन आधी गोळा करा, पायात गुंतते. माझा लोखंडी हुक जुलैच्या पावसात गंजून अडकायला लागला, पितळेचा बसवून घेतलाय.