साइड एअरबॅगवाल्या गाडीची सीट बदलली, भोसरीच्या एका वर्कशॉपचा अनुभव

बायकोची उंची चार फूट अकरा इंच. आमच्या गाडीच्या व्हेरियंटला ड्रायव्हर सीट वरखाली करायची सोय नाही, त्यामुळे तिला बॉनेटचा कोपरा दिसायचाच नाही आणि ती खाली उशी घेऊन चालवायची. उशी घेतली की बेल्ट कमरेच्या हाडावर बसत नाही, पोटावर चढतो, आणि जोरात ब्रेक लागला की उशीसकट माणूस पुढे सरकतो. एकदा निगडीच्या पुलावर असं झालं आणि त्या दिवशी ठरवलं की वरच्या व्हेरियंटची हाइट ॲडजस्टवाली सीट टाकायची, खर्च होऊ दे.

अडचण एवढीच की गाडी २०२२ ची, सहा एअरबॅगवाली, आणि बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच बसवलेली. दाराकडच्या अंगाला शिवणीत एक छोटा टॅग असतो, त्यावर एअरबॅग लिहिलेलं असतं. तुमच्या सीटला तो टॅग असेल तर पुढचं सगळं तुम्हालाही लागू आहे, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो.

आधी शहरातल्या एका मोठ्या ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. त्यांनी भंगारातल्या गाडीची अख्खी सीट दाखवली, हाइट ॲडजस्ट होती, कापडही मस्त, पण टॅग कुठेच नाही. म्हटलं मग एअरबॅगच्या वायरचं काय, तर पोरगा म्हणाला, टेन्शन नका घेऊ साहेब, कनेक्टरमध्ये रेझिस्टर टाकतो, मीटरवर एअरबॅगचा लाइट येणार नाही. रेझिस्टर म्हणजे करंटला अडथळा करणारा छोटासा तुकडा.

हे नीट समजून घ्या. गाडीचा एअरबॅगचा कॉम्प्युटर त्या सर्किटचा रेझिस्टन्स, म्हणजे अडथळा, तपासत असतो, दोन-तीन ओहम दिसले की त्याला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. रेझिस्टर लावला की तो फसतो. लाइट विझलेला, सगळं ठीक दिसतंय, आणि दाराला धडक बसली की बाजूने काहीच उघडणार नाही. समोरून आदळलं तर निदान बॉनेट चेपून थोडा मार खातं, बाजूने तुमची बरगडी आणि दार यांच्यात वीतभर जागा असते. म्हणून तर १९९४ मध्ये व्होल्वोने पहिल्यांदा साइड एअरबॅग आणली तेव्हा ती सीटमध्येच बसवली, म्हणजे सीट पुढे-मागे केली तरी ती माणसाच्या बाजूलाच राहते. अशी गाडी उद्या कुणी सेकंडहँड घेतली तर त्याला कळणारही नाही. मला खरंच राग आला, तिथून निघालो.

मला वाटतं यात जुन्या सवयीचा भाग मोठा आहे. सीटचं काम करणाऱ्यांनी वर्षानुवर्षं सीट म्हणजे लोखंड, फोम आणि कापड एवढंच बघितलंय. आपल्याकडे नवीन गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली तीच जुलै २०१९ पासून. सहा एअरबॅगची सक्ती आधी ऑक्टोबर २०२२, मग ऑक्टोबर २०२३ असं पुढे ढकलत शेवटी बारगळली, पण कंपन्यांनी खालच्या व्हेरियंटलाही सहा द्यायला सुरुवात केली. गाड्या बदलल्या, दुकानं बदलली नाहीत.

मग मित्राच्या ओळखीने भोसरीला एमआयडीसीच्या बाजूच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. दोन माणसांचं काम आहे, काका आणि त्यांचा भाचा, गर्दी झेपत नाही म्हणून नाव नेटवर टाकू नका असं काकांनीच सांगितलंय. मी विचारलं एअरबॅगवाली सेकंडहँड सीट मिळेल का, तर ते म्हणाले मिळेल पण मी बसवणार नाही. ती गाडी पाण्यात बुडाली होती का, कुठे आदळली होती, कोण खात्री देणार? आणि मग त्यांनी जो मार्ग सांगितला तो मला सुचलाच नसता. एअरबॅग पाठीत आहे, वरखाली करायचा जॅक बुडाखालच्या फ्रेममध्ये आहे, मग पाठ तुमचीच ठेवू आणि फक्त खालचा भाग बदलू! तुमची एअरबॅग तुमच्याच गाडीत राहते. अर्थात सगळ्या गाड्यांत हे जमत नाही, दोन्ही व्हेरियंटची पाठ जोडायची जागा आणि बोल्ट सारखे लागतात, ते त्यांनी आधी मोजून बघितलं.

कामाच्या दिवशी मी शेजारी उभा होतो. आधी स्कॅनर लावला, एअरबॅगचा एकही फॉल्ट नाही हे मला स्क्रीनवर दाखवलं. मग चावी काढून बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि काका म्हणाले आता चहा. मला वाटलं टाइमपास, पण अपघातात बॅटरी तुटली तरी एअरबॅग उडावी म्हणून कॉम्प्युटरमध्ये थोडा करंट साठवलेला असतो, तो उतरायला काही मिनिटं द्यावी लागतात. किती ते प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, काका सरसकट दहा मिनिटं थांबतात. चहा झाल्यावर त्यांनी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावला, अंगातली स्टॅटिक वीज जाऊ दे म्हणून, आणि मगच सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर सोडला.

सीट बाहेर काढून गोधडीवर आडवी ठेवली. भाच्याने वायर कुठून कशी गेलीय त्याचे फोटो काढले, क्लिप न् क्लिप. आणि इथे मला या लोकांची किंमत कळली. जुनी सीट वरखाली होत नव्हती त्यामुळे एअरबॅगच्या वायरला ढील कमी होती, नवीन फ्रेम पूर्ण वर नेली की ती ताणली जात होती. वरून काहीच दिसत नाही, सहा महिन्यांनी कधीतरी वायर ओढली जाऊन कनेक्टर ढिला झाला असता. काकांनी वायर कापली नाही, जोड दिला नाही, फक्त दोन क्लिपांची जागा बदलून वायरला जास्त ढील दिली आणि मग सीट दहा-बारा वेळा वरखाली, पुढे-मागे करून टॉर्चने खालून बघत राहिले. बेल्टचं बकलही आमचं जुनंच ठेवलं, कारण त्याचीही वायर कॉम्प्युटरकडे जाते. बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळले.

बॅटरी सगळ्यात शेवटी जोडली. गाडीत कुणालाही बसू दिलं नाही, बाहेरूनच हात घालून चावी फिरवली. एअरबॅगचा लाइट काही सेकंद लागला आणि विझला. मी निघायच्या तयारीत, तर परत स्कॅनर. लाइट विझला म्हणजे काम झालं असं नसतं साहेब, असं म्हणून दोन्ही वेळचे रिपोर्ट मला व्हॉट्सॲप केले. आधीच्या दुकानाचा रेझिस्टर आठवला.

अजून एक गोष्ट त्यांनी आपणहून केली. गाडी घेताना शोरूममधून जाड सीट कव्हर लावून मिळालं होतं, दोन्ही बाजूंनी पक्की दुहेरी शिवण. काकांनी टॅगच्या जागी बोट ठेवून विचारलं, हे फाडून ती बाहेर कशी येणार? एअरबॅगवाल्या कव्हरला त्या बाजूला मोकळी जागा तरी असते नाहीतर मुद्दाम कच्च्या दोऱ्याची शिवण. तीन वर्षं आम्ही तसंच फिरलो. पुढची दोन्ही कव्हरं तिथेच काढली.

खर्च सांगतो. वरच्या व्हेरियंटची खालची फ्रेम फोमसकट ९,५०० ला मिळाली, मजुरी ३,५००, स्कॅनिंगचे वेगळे ८००. तक्रारी पण आहेत. एका दिवसात देतो म्हणाले, दोन दिवस लागले. बसायला जागा नाही, ऊन डोक्यावर. बिल मागितल्यावरच दिलं, तेही हाताने लिहिलेलं. आणि बुडाच्या कापडाला करडी शिवण आहे, पाठीला काळी, जवळून बघितलं तर फरक दिसतो. बायको म्हणाली राहू दे. आमची वॉरंटी संपलेली होती, तुमची चालू असेल तर हात लावायच्या आधी सर्व्हिस सेंटरला आणि इन्शुरन्सवाल्यांना लेखी विचारून घ्या, मी इन्शुरन्सला मेल टाकला होता.

दोन महिने झाले. उशी आता हॉलमध्ये सोफ्यावर आहे, बायकोला दोन्ही कोपरे दिसतात, बेल्ट जिथे बसायला हवा तिथे बसतो. जायचं असेल तर शनिवारी जाऊ नका, काका फोन उचलत नाहीत.