नील बेटाच्या बाजारातील खानावळ: पाच जणांच्या जेवणाचा अनुभव

दसऱ्याचे सोने वाटून झाल्यावर शाळेच्या सुट्टीचे जे दिवस उरतात, त्या दिवसांत आम्ही बेळगावहून अंदमानला गेलो. बरोबर पत्नी, दोन मुले आणि आई होती. विमानाची तिकिटे चार महिने आधी काढली होती, राहण्याचे दरही ठरलेले होते; जेवणाचा खर्च तेवढा अंदाजावर सोडला होता आणि नेमका तोच पहिल्या दोन दिवसांत हाताबाहेर गेला. हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, आम्ही उतरलो होतो त्या रिसॉर्टमध्ये पनीरची भाजी, रोट्या, डाळ, मुलांसाठी नूडल्स आणि एक तळलेली सुरमई एवढ्या जेवणाचे बिल ३,४०० रुपये झाले. माशाचा दर वजनावर असतो, हे ऑर्डर घेताना कोणीच सांगितले नव्हते. आकडा ऐकून आईने दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्याला भूकच नसल्याचे सांगितले, तेव्हा मला फार वाईट वाटले.

त्यानंतर नील बेटावर आम्ही तीन दिवस ज्या खानावळीत जेवलो, तिच्याविषयी मला लिहायचे आहे. या बेटाचे नाव २०१८ च्या डिसेंबरात शहीद द्वीप असे झाले, पण बोटीवर आणि बाजारात अजून नील हेच नाव ऐकू येते. अंदमानातील बराचसा किराणा चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून जहाजाने येतो आणि लहान बेटांवर जाण्यासाठी पुन्हा बोटीत चढतो. म्हणून पनीर, मैदा किंवा बाटलीबंद पेय मागितले की त्या सगळ्या प्रवासाचे भाडे आपल्या बिलात येते. नील बेटाची गोष्ट थोडी वेगळी आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना येथे जमिनी देऊन वसवण्यात आले. त्यांनी केलेल्या शेतीमुळे हे लहानसे बेट अंदमानातील भाजीचे आगर म्हणून ओळखले जाते. जे बेटावर पिकते आणि जे भोवतालच्या समुद्रात मिळते, तेच मागवले तर पाच जणांचे कुटुंब येथे पोटभर आणि बेताच्या खर्चात जेवू शकते.

खानावळ बाजाराच्या रस्त्यालाच आहे, पण तिच्यावर नावाची पाटी नाही. पत्र्याचे छप्पर, चार लाकडी बाकडी आणि दाराशी हात धुण्यासाठी पाण्याचे पिंप एवढाच तिचा थाट. जेट्टीवरचे हमाल, रिक्षावाले आणि भाजी घेऊन आलेले शेतकरी तेथे जेवत होते, आणि ते पाहूनच आम्ही आत गेलो. मालक घरात बंगालीत, गिऱ्हाइकांशी हिंदीत आणि शेजारच्या दुकानदाराशी तमिळमध्ये बोलत होते. तीन भाषांत बाजार करणाऱ्या आम्हा सीमाभागातल्या माणसांना हे वातावरण लगेच ओळखीचे वाटले.

थाळीत भाताचा मोठा ढीग, मसुरीची पातळ डाळ, बटाट्याच्या बारीक तळलेल्या काचऱ्या, लाल माठाची भाजी आणि तांबड्या भोपळ्याची भाजी असे. माशाच्या थाळीत यांखेरीज रश्श्यासह एक जाड तुकडा मिळे. शाकाहारी थाळीला १५० आणि माशाच्या थाळीला २२० रुपये पडले; भात, डाळ आणि भाजी पुन्हा वाढण्याचे वेगळे पैसे नव्हते. बेळगावला समुद्राची मासळी घाट चढून बर्फातून येते, त्यामुळे तिखट आणि आंबट सढळ हाताने घालून ती शिजवण्याची आपल्याला सवय असते. येथील रस्सा पातळ, हळदीचा, वर कलौंजीचे काळे दाणे आणि चिरलेली हिरवी मिरची तरंगणारा होता. पहिल्या घासाला तो मला मिळमिळीत वाटला. पण मासा सकाळचाच होता, काट्यापासून तो पाकळी पाकळीने सुटत होता आणि त्याच्या मूळच्या गोडीला त्याहून जास्त मसाला लागतही नव्हता. धाकट्या मुलीने, जी घरी मासा पाहिला की ताट सरकवते, दोनदा भात मागून घेतला.

आई पूर्ण शाकाहारी आहे. तिच्यासाठी वेगळ्या कढईत भाजी करून देण्याची विनंती मालकीणबाईंनी लगेच मान्य केली. मोहरीच्या तेलाचा उग्र वास आईला सोसवेना, तेव्हा तेल धूर येईपर्यंत तापवले की उग्रपणा कमी होतो असे सांगून त्यांनी तिच्यासमोरच तसे करून दाखवले. दुर्गापूजा नुकतीच संपली होती. जेवण झाल्यावर त्यांनी विजयादशमीची भेट म्हणून प्रत्येकाच्या हातावर गूळ-खोबऱ्याचा एकेक लाडू ठेवला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. आईने पिशवीतून कुंद्याचा, म्हणजे आमच्या बेळगावच्या खव्याच्या मिठाईचा, डबा काढून त्यांना दिला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. स्वयंपाकघर एकच आहे, त्यामुळे ज्यांना माशाचा वासही चालत नाही त्यांनी येथे जाऊ नये. पोळी-भाकरी मिळत नाही. तिसऱ्या दिवशी आम्हा सर्वांनाच भाताचा कंटाळा आला होता. खेकडा किंवा अख्खा मासा हवा असेल, तर वजन आणि दर आधी विचारून घ्यावा, कारण त्यांच्या किमती रोज बदलतात. दुपारी दोननंतर भाज्या संपत येतात. बेट इतके पूर्वेला आहे की भारतीय वेळेनुसार ऑक्टोबरात साडेपाचच्या आतच अंधार पडू लागतो आणि बाजारही लवकर निजतो. आठनंतर जेवायला निघालेल्या आम्हाला पहिल्या रात्री बिस्किटांवर भागवावे लागले.

मधल्या वेळच्या खाण्याला भरतपूर किनाऱ्याकडे जाताना शहाळी घेतली. विकणाऱ्या बाईंनी पाणी पिऊन झाल्यावर शहाळे फोडले, त्याच्याच सालीचा चपटा तुकडा कोयत्याने तासून चमच्यासारखा हातात दिला आणि मलई खरवडून खायला सांगितले. मुलांना चिप्सच्या पाकिटांची आठवण झाली नाही. नील बेटावरच्या तीन दिवसांत पाच जणांच्या पाच वेळच्या जेवणाला आणि शहाळ्यांना मिळून आम्हाला ५,८०० रुपये लागले. बिस्किटांची ती पहिली रात्र सोडली, तर आई तिन्ही दिवस दोन्ही वेळा जेवली.