बाईकची विंडशील्ड घरी कापायची तर जिगसॉ की ग्राइंडर?
ही काच (खरं तर प्लास्टिकच, ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट) उंच असली की तिची वरची कड बरोब्बर डोळ्यासमोर येते, पावसात रात्री तर वैतागच, म्हणून ती नाकाच्या लेव्हलला आणायची म्हणजे नजर काचेच्या वरून जाते. आता कापायचं कशाने? ग्राइंडर (फिरत्या डिस्कने कापणारं मशीन) बऱ्याच जणांकडे असतो आणि सरळ रेषेत पटकन जातोही, पण स्पीड इतका की प्लास्टिक कापायच्या ऐवजी वितळतं, कडेला गुठळ्या चिकटतात, आणि वरची गोलाई डिस्कला जमत नाही. जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या ब्लेडची मशीनची करवत) आरामात वळतो. बारीक दातांचं ब्लेड, स्पीड कमी, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, आणि काच कापायच्या रेषेजवळच घट्ट धरायची, कारण ती थरथरली की ॲक्रिलिक तडकतं (पॉलिकार्बोनेट एवढं नाजूक नाही, पण ओरखडे लगेच पडतात). माझं मत जिगसॉलाच. कशानेही कापा, पहिल्यांदा कमीच कापा, बाईकवर बसून बघा, मग कड 120, 220, 400 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, शेवटचा पाणी लावून. आणि टेपचा गोंद काढायला पेट्रोल, थिनर अजिबात नको हां, बारीक भेगा पडतात, साबणाचं कोमट पाणी बास.