तीन हजार आठशे, पण कुणाचे?

रेट कार्ड खरं होतं. हे आधीच सांगतो, कारण खोटा कागद दाखवला असता तर मी फसलो नसतो. लातूरच्या आडत बाजारात मी चोवीस वर्षं मुनीम आहे. तुरीच्या पट्टीत हमाली-तोलाईचा पाच रुपयांचा घोळ असला तरी मला झोप लागत नाही. आणि मीच पंचेचाळीस हजार सहाशे रुपये एका माणसाच्या हातावर ठेवून आलो, तेही जेवणाचे.

झालं असं. माझ्या मायला सीता एलियाला जायचं होतं. श्रीलंकेतल्या नुवारा एलियाजवळचं ते सीता अम्मनचं देऊळ, अशोकवन म्हणतात ते. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या जाऊन आल्या, तेव्हापासून रोज तोच विषय. जानेवारीत सोयाबीनची गर्दी ओसरल्यावर माय, बायको, दहावीतला पोरगा आणि मी असे चौघे निघालो. तिकिटं, हॉटेलं, गाडी याचं पॅकेज गावातल्याच एका एजंटाकडून घेतलं. त्या पॅकेजबद्दल तक्रार नाही. पक्कं बिल मिळालं, त्यावर टीसीएस, म्हणजे बिलासोबतच घेतलेला आयकर, लावला होता आणि तो माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या पत्रकात, दिसतोसुद्धा.

घोळ पुढं झाला. पॅकेजचे पैसे भरून आठ दिवस झाल्यावर तोच एजंट म्हणाला, "मालक, बेटावर जाऊन पनीर-रोटी खाणार का? तिथलं पारंपरिक जेवण घ्या. तीन वेळचं मी बसवून देतो, मायसाठी प्युअर व्हेज." आणि व्हॉट्सअॅपवर एका रेस्टॉरंटचं कार्ड टाकलं. केळीच्या पानावरचं राइस अँड करी, कडेला समुद्र, आणि खाली इंग्रजीत 'आरएस ३,८००, माणशी'. वर म्हणाला, "बघा, त्यांचंच कार्ड आहे. मी एक पैसा वर लावला नाही."

महाग वाटलं. बायको म्हणाली, एवढ्यात आपल्या घरी पंधरा दिवसांचा किराणा येतो. पण परदेश म्हणजे महागच असणार, आणि माय काय दरवर्षी जाणार आहे का. तीन जेवणं, चार माणसं, बारा ताटं. फोनवरून पैसे त्याच्या खासगी नंबरवर पाठवले. जेवणाचे पैसे तिथंच द्यायचे असल्यामुळं ते बिलात येत नाहीत, असं त्यानं सांगितलं आणि मी मान हलवली. बदल्यात तीन छापील कूपनं मिळाली. आमच्या धंद्यात याला कच्ची चिठ्ठी म्हणतात, आणि कच्च्या चिठ्ठीवर मी शेतकऱ्याला पोतंभर मालही उचलू देत नाही.

पहिलं जेवण कँडीच्या वाटेवर होतं. मोठा हॉल, बाहेर दहा-बारा टुरिस्ट गाड्या, आत लांबलचक बुफे. फ्राइड राइस, नूडल्स, चिली पनीर, एका कोपऱ्यात डाळ. माय म्हणाली, "हे तर आपल्या अंबाजोगाई रोडच्या ढाब्यावर बी भेटतंय की रे." कूपन पुढं केलं तर काउंटरवरच्या बाईनं उलटसुलट करून परत दिलं. मग आमचा ड्रायव्हर पुढं झाला आणि त्यानं खिशातून पैसे दिले. सवयीनं माझे डोळे नोटांवर गेले. पाच हजाराची एक, हजाराची एक, शंभराच्या चार. चौघांचे सहा हजार चारशे. मला वाटलं, हा विसार असेल, बाकीचा हिशेब एजंट नंतर करेल. मुनीम असून हे वाटलं, लिहायला लाज वाटते.

ड्रायव्हर मात्र माणूस भला. मायला तो अम्मा म्हणायचा. दुसऱ्या दिवशी त्यानंच हळूच सांगितलं की या मोठ्या बुफेवाल्यांकडं ड्रायव्हरला जेवण फुकट असतं, वर कमिशन. म्हणून गाड्या तिथंच थांबतात. "पारंपरिक खायचं असेल तर सकाळी माझ्याबरोबर चला," म्हणाला.

त्यानं आम्हाला पेरादेनियाजवळ गन्नोरुव्याला हेल बोजुनमध्ये नेलं. तिथल्या कृषी खात्यानं गावाकडच्या बायांसाठी सुरू केलेली ही खाण्याची ठिकाणं आहेत. एकेका ओट्यामागं एकेक बाई, समोरच करून देते. बचत गटाच्या स्टॉलची आठवण झाली. मायनं कोल केंद घेतलं. तांदूळ, नारळाचं दूध आणि कसल्याशा पानांचा हिरवागार रस यांची ती पेज, सोबत गुळाचा खडा. पेजेचा एक घोट, मग गुळाचा एक चावा, असं करत तिनं दोन वाट्या संपवल्या. मग हलप, म्हणजे नाचणीचं पीठ, खोबरं आणि गूळ मळून पानात वाफवलेलं. पोरानं सहा आप्पे उडवले. आपले आप्पे नव्हेत हं! छोट्या खोलगट कढईत आंबवलेलं तांदळाचं पीठ फिरवतात, कडा कुरकुरीत जाळीसारखी आणि मध्यभागी मऊ पाव. चौघांचं पोटभर झालं आणि बिल आलं अकराशे पन्नास. मी खूश झालो, आपल्याच रुपयांत हिशेब करून. तेव्हाही डोक्यात दिवा लागला नाही.

सिंहली भाषा ऐकायला मला मजा येत होती. भाताला ते बत् म्हणतात. किरी म्हणजे दूध, म्हणून नारळाच्या दुधात शिजवलेला भात तो किरिबत्. एप्रिलमधल्या त्यांच्या नव्या वर्षाला आणि शुभ दिवसांना तो करतात, थापून शंकरपाळ्यासारखा कापतात. मिरचीला मिरिस. आणि करीचा मसाला काळपट होईपर्यंत भाजतात, अगदी आपल्या काळ्या मसाल्यासारखा. बायकोनं वास घेऊनच ओळखला. धने, जिरे, बडीशेप ती पटापट सांगत गेली आणि ओट्यामागची बाई हसून मान डोलावत राहिली.

दुसरं कूपन नुवारा एलियाचं. सीता अम्मनचं दर्शन झालं, मायचे डोळे भरले, आणि जेवायच्या वेळेला ड्रायव्हर म्हणाला, माझ्या यादीत इथं जेवण नाही. लातूरला एजंटाला फोन लावला. तीनदा उचललाच नाही. चौथ्यांदा म्हणाला, "तिथं पाऊस आहे ना, ते रद्द झालं. पुढं अॅडजस्ट करतो." डोक्यावर लख्ख ऊन होतं. बाजारातल्या एका तमिळ शैव हॉटेलात इडली-सांबार खाल्लं. शैव असं लिहिलेलं असलं की तिथं शुद्ध शाकाहारी मिळतं. कोलंबोत वेल्लवत्त भागात अशी हॉटेलं आहेत.

तिसरं जेवण गॉलच्या रस्त्यावर, समुद्रालगत. हे मात्र कार्डावरचंच ठिकाण, फोटोत होता तोच निळा दरवाजा. आणि जेवण खरोखर उत्तम. फणसाच्या कोवळ्या कुयरीची करी, तिला पोलोस म्हणतात, मटणाच्या तोंडात मारेल अशी. वांग्याचं आंबट-गोड मोजू. मसूर डाळ नारळाच्या दुधात. मी आणि पोरानं माशाचं अंबुल थियल मागवलं. गोरका नावाचं आमसुलासारखं काळं फळ घालून ते आटवतात, रस्सा नसतोच, माशाला मसाला चिकटलेला असतो. शेवटी मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर कितुलचा पाक. कितुल म्हणजे आपल्याकडचा भेरली माड.

मायच्या ताटात लालभडक खोबऱ्याची चटणी होती, पोल सांबोल. ती तिला इतकी आवडली की तिनं तीनदा घेतली. वाढणाऱ्या पोराला बायकोनं कृती विचारली. तो बोटं मोजत सांगायला लागला: नारळ, मिरची, कांदा, लिंबू, मीठ, उंबलकड. शेवटचं काय ते कळेना. तो आत गेला आणि एक तुकडा घेऊन आला. बाभळीच्या ढलपीसारखा, कडक, तपकिरी. नाकाजवळ नेला आणि कळलं. ट्यूना मासा उकडून, धुरावर धरून, लाकडासारखा होईपर्यंत वाळवलेला. मालदीवचा मासा म्हणतात त्याला. कुटून चिमूटभर घालतात, आपण हिंग घालतो तसा.

माय माळकरी आहे. तिच्या गळ्यात तुळशीची माळ माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. ती काही बोलली नाही. उठली, चूळ भरली, परत येऊन खुर्चीवर बसली आणि पदराच्या टोकानं ओठ पुसत राहिली. बराच वेळ पुसत होती. मग म्हणाली, "त्या लेकराला रागवू नको. त्याला काय ठावं." दुसऱ्या दिवशी एकादशी नसताना तिनं उपास धरला.

त्या रेस्टॉरंटचा खरंच दोष नव्हता. माय शाकाहारी आहे हे त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. प्युअर व्हेज हे शब्द फक्त लातुरात छापलेल्या कूपनावर होते. त्या बेटावर मासा ही भाजी नसून मसाला आहे. चटणीत असतो, कांद्याच्या सीनी सांबोलमध्ये असतो, कधी पालेभाजीतही असतो. हिरव्या टिंबाकडं बघून आपण निवांत बसतो, तसं तिथं चालत नाही. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणूनही भागत नाही, कारण त्यांच्या लेखी चिमूटभर उंबलकडनं भाजी मांसाहारी होत नाही. ड्रायव्हरनं नंतर शिकवलं ते असं म्हणायचं: मस एपा, माळु एपा, उंबलकड एपा. मांस नको, मासा नको, सुका मासा नको. हे म्हटल्यावर माणूस आत जाऊन विचारून येतो.

तर, आम्ही निघायच्या तयारीत होतो. दारात फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: राइस अँड करी ३,८००, सर्व करांसहित. मी पोराला म्हणालो, बघ, एजंट खोटं बोलला नाही, भाव तोच आहे. पोरगा मोबाइलवर काहीतरी करत होता. मान वर न करता म्हणाला, "पप्पा, हे यांचे रुपये आहेत."

आपल्या एका रुपयाचे त्या आठवड्यात तिकडं सुमारे ३.४० मिळत होते. म्हणजे तीन हजार आठशे म्हणजे आपले साधारण अकराशे वीस. मी दारातच उभा राहिलो. कँडीच्या वाटेवर ड्रायव्हरनं दिलेले सहा हजार चारशे म्हणजे आपले एकोणीसशेच्या आत. त्या एका जेवणाचे मी पंधरा हजार दोनशे दिले होते. मधलं जेवण तर झालंच नाही. विमानतळावर डॉलर देऊन तिकडच्या नोटा मीच घेतल्या होत्या, भाव मीच विचारला होता. पण जेवणाचे पैसे लातुरात रुपयांत दिलेले, कार्डावरही रुपयेच, त्यामुळं दोन्हींच्या मधे काही आहे हे सुचलंच नाही. श्रीलंकेचं चलनही रुपया. मॉरिशसचंही रुपयाच, नेपाळ आणि सेशेल्सचंही. मॉरिशसचा तर आपल्यापेक्षा भारी आहे, तिथं चूक उलट्या बाजूनं होते.

परत आल्यावर एजंटाच्या दुकानात गेलो. चहा मागवला त्यानं. म्हणाला, "मालक, कार्डावर रुपये होते, मी रुपये घेतले. कुणाचे, हे तुम्ही विचारलं का?" असलं उत्तर आडतीवर दिलं असतं तर शेतकऱ्यांनी पेढी बंद पाडली असती.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक घेतला. ते कार्ड, कूपनं, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट आणि गॉलच्या फळ्याचा फोटो, जो पोरानं काढून ठेवला होता, हे सगळं जोडलं. दहा दिवसांत त्याचे वीस हजार आले, दोन तुकड्यांत, 'सेटलमेंट' असं लिहून. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. माझं तर तोही लातूरचाच. तारीख पडली आहे. ते सेटलमेंटचे पैसे घेताना 'उर्वरित रकमेचा हक्क राखून' असा उलट मेसेज मी केला होता, तो आता कामाला येतोय असं वकील म्हणतात. तुमच्यावर अशी वेळ आली तर हे एवढं वाक्य विसरू नका.

कुणी जाणार असेल तर जेवणाचं लातुरात, नांदेडात, संभाजीनगरात बसून आगाऊ काही घेऊ नका. तिथं पोहोचा, ज्या दुकानापुढं स्थानिक लोक दुपारी बत् पॅकेट घ्यायला उभे असतात तिथं जा. मोठ्या रेस्टॉरंटात मेनूवर किमतीपुढं दोन अधिकचिन्हं दिसली तर सेवाशुल्क आणि अठरा टक्के व्हॅट त्यावर वेगळा लागतो, तो धरून हिशेब करा.

परवा त्या गृहस्थाच्या स्टेटसला पुन्हा तेच कार्ड दिसलं. निळा दरवाजा, केळीचं पान, प्युअर व्हेज. भाव आता ४,२०० आहे.